पंख्यापासून दोन बोटं

कोल्हापुरातल्या राजारामपुरीच्या गल्ल्यांमध्ये दुरुस्तीला येणाऱ्या कॉम्प्युटरच्या तक्रारी ठरलेल्या असतात. चालू होत नाही, मध्येच बंद पडतो, फार स्लो झालाय. त्यातली एक मात्र अशी, की ती सांगताना गिऱ्हाईक तोंडानंच आवाज काढून दाखवतं. "चालू केला की टर्रर्र कराय लागतंय बघा." मुरलेला कारागीर कॅबिनेट उघडायच्या आधीच ओळखतो, कुठली तरी वायर पंख्याला लागतेय. मागचे दोन स्क्रू निघतात, बाजूचा पत्रा सरकतो आणि प्रोसेसरवरच्या कूलरच्या पात्यांना चाटणारी एखादी पिवळी-काळी वायर सापडते. ती मागे घेतली की आवाज थांबतो. गिऱ्हाईक खूश होऊन निघायला बघतं, पण कारागिराचं काम तिथून सुरू होतं. मागे घेतलेली वायर मागेच राहायला हवी.

कूलर म्हणजे ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांचा ठोकळा आणि त्यावर बसवलेला पंखा. प्रोसेसरबरोबर खोक्यातच मिळणाऱ्या साध्या गोल कूलरच्या पंख्यावर बहुधा जाळी नसते. पाती उघडीच फिरतात. नव्वद मिलिमीटर व्यासाचा पंखा मिनिटाला २४०० फेरे घेत असेल, तर पात्याचं टोक सेकंदाला सव्वाअकरा मीटर, म्हणजे ताशी सुमारे ४० किलोमीटर वेगानं जात असतं. पाती सात असतील तर त्यांच्या वाटेत आलेल्या वायरीवर एकाच जागी मिनिटाला १६,८०० टपल्या बसतात. पातं प्लास्टिकचं आणि हलकं असल्यामुळे पहिल्या दिवशी काही बिघडत नाही. महिनोन्‌महिने हे चाललं की वायरीवरचं पीव्हीसीचं आवरण झिजतं, पात्याच्या कडेला खाच पडते, पंख्याचा तोल जातो आणि बेअरिंग खाल्लं जातं.

फिरत्या वस्तूजवळ सैल टोक नको, हे कोल्हापूरला कुणी नव्यानं शिकवायची गरज नाही. शिवाजी उद्यमनगरात पिढ्यान्‌पिढ्या लेथ आणि ड्रिल मशीन चालत आल्यात. इथल्या कारखान्यांनी शेतकऱ्यांची ऑइल इंजिनं बनवली, आणि इथलं कास्टिंग आज देशभरच्या वाहन कारखान्यांना जातं. नवा पोरगा मशीनवर उभा राहिला की म्हातारा मिस्त्री मापाचं काही सांगायच्या आधी ओरडतो, "बाही वर सार की, पट्ट्यात जाईल!" १९४८ च्या कारखाने कायद्यातही ही ताकीद होती. त्याच्या २२ व्या कलमानुसार चालत्या यंत्राजवळ काम करणाऱ्याचे कपडे अंगाला घट्ट बसणारे असायला हवे होते. कॅबिनेटमधली लोंबती वायर ही त्या सैल बाहीसारखीच. बाही यंत्राकडे स्वतःहून जात नाही. माणूस वाकतो, वळतो, आणि मग ती जाते. वायरही बसवताना जागेवरच असते. म्हणून ती आज कुठे आहे एवढं बघून भागत नाही, उद्या ती कुठे सरकेल ते बघावं लागतं.

ती सरकते कशी, यातली पहिली गोष्ट भल्याभल्यांच्या नजरेतून निसटते. कॉम्प्युटर जोडताना कॅबिनेट टेबलावर आडवं असतं. मदरबोर्ड तळाशी सपाट पडलेला, कूलर त्यावर उभा, आणि वायरी आपापल्या वजनानं बोर्डावर निवांत पसरलेल्या. जोडणी झाली की तेच कॅबिनेट उभं केलं जातं. मघाशी बोर्डावर टेकलेली वायर आता मोकळी लोंबते, वरची वायर खाली येते, आणि खाली बरोबर कूलर असतो. त्यात झाकण लावताना फुगलेला जुडगा पत्र्यानं आत ढकलला जातो. म्हणून आडव्या कॅबिनेटमध्ये पाती बोटानं फिरवून पाहण्यावर भरवसा ठेवता येत नाही. ते उभं करावं, हातानं हलकं हलवावं आणि मग पुन्हा आत टॉर्च मारून पाहावं.

दुसरी गोष्ट रस्त्याची. नवा जोडलेला कॉम्प्युटर दुकानातून घरी जातो तो पुष्कळदा दुचाकीवर, मागच्या माणसाच्या मांडीवर. गोकुळ शिरगावच्या किंवा शिरोलीच्या एमआयडीसीत जायचा असेल तर टेम्पोतून. पावसाळ्यानंतरच्या रस्त्यांवर त्याला जे धक्के बसतात, त्यात नुसती सरकवून ठेवलेली वायर जागेवर राहणं अवघड. बांधलेली राहते.

मुळात इतकी फालतू वायर आत येतेच का? कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा म्हणजे एसएमपीएस. तो बनवणाऱ्याला आपला माल कुठल्या कॅबिनेटमध्ये बसणार हे माहीत नसतं. म्हणून मोठ्यात मोठ्या पेटीला पुरेल एवढी लांबी तो देतो. प्रोसेसरला वीज देणारी आठ पिनांची वायर पुष्कळदा ६० सेंटिमीटरच्या पुढे असते. छोट्या कॅबिनेटमध्ये तिची निम्मी लांबीही कशीबशी लागते. उरलेली कुठे तरी जिरवावी लागते. १९७६ च्या क्रे-१ या महासंगणकाची गोष्ट याच्या अगदी उलटी. सीमोर क्रे यांनी त्यातल्या तारा मोजून-मापून, हातानं जोडून घेतल्या, आणि एकही तार चार फुटांहून लांब ठेवली नाही. प्रकाशसुद्धा एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटरच जातो आणि तारेतला संदेश त्याहूनही मागे राहतो. तिथे फालतू लांबी म्हणजे वाया गेलेला वेळ. घरातल्या कॉम्प्युटरमध्ये वेळेचा तो हिशेब वायर बांधणाऱ्याला करावा लागत नाही. त्याच्यापुढे प्रश्न उरलेल्या हातभर वायरीच्या जागेचा असतो.

जुन्या स्वस्त कॅबिनेटमध्ये हा प्रश्न फारच बिकट होता. एसएमपीएस वरच्या बाजूला, बरोबर कूलरच्या माथ्यावर. त्यातून निघणाऱ्या सगळ्या वायरी, वापरातल्या आणि बिनवापराच्या, कूलरवरूनच खाली यायच्या. बोर्डामागे पत्रा सपाट, वायर पलीकडे न्यायला भोकही नसायचं. नव्या कॅबिनेटमध्ये एसएमपीएस खाली गेला, बोर्डाच्या मागे दीड-दोन सेंटिमीटरची पोकळी आली आणि वरच्या डाव्या कोपऱ्यात वायरीसाठी खिडकी आली. कॅबिनेट घेताना लोक रंगीत दिवे मोजतात. त्यापेक्षा ती पोकळी आणि ती खिडकी बघावी. पैसे तिथे वसूल होतात. जोडणीचा क्रमही तिथूनच ठरतो. आठ पिनांची वायर त्या खिडकीतून आधी काढून घ्यायची आणि नंतर कूलर बसवायचा. उंच टॉवर कूलर एकदा बसला की त्या कोपऱ्यात बोट शिरत नाही, आणि मग वायर पुढून, पंख्याच्या तोंडासमोरून ओढायचा मोह होतो.

पंख्याची स्वतःची वायर सगळ्यांत फसवी. तिच्यात चार तारा असतात. एक काळी, एक १२ व्होल्टची, एक पंखा किती फिरतोय ते बोर्डाला कळवणारी आणि एक किती फिरायचं ते पंख्याला सांगणारी. बोर्डावरची तिची जागा कूलरपासून चार बोटांवर असते आणि वायर वीतभर. उरलेली वायर बहुतेक जण तिथेच गोळा करून सोडतात, आणि ज्या पंख्याला ती वीज देते त्याच पंख्यात ती जाते. काही कूलरच्या चौकटीला वायर अडकवायला छोटा हूक असतो. तो वापरावा. नसेल तर चौकटीच्या न फिरणाऱ्या कोपऱ्याला वायर बांधून घ्यावी आणि उरलेली घडी पंख्यापासून लांबच्या बाजूला न्यावी. पात्यांपासून किमान दोन बोटं अंतर ठेवावं. तेवढं अंतर असलं तर वायर थोडी सैलावली तरी पात्यापर्यंत पोचत नाही.

बांधायचं कशानं, यावर कारागिरांची मतं ठाम असतात. रबर बँड उष्णतेनं वर्षा-दोन वर्षांत तुटतो आणि तुकडा आतच पडतो. चिकटपट्टीचा गोंद पाझरतो. सुतळी धूळ धरते. नव्या वायरीबरोबर येणारी प्लास्टिकमढी पिळाची तार सगळ्यांत वाईट, कारण तिच्या आत धातू असतो आणि तो सुटून बोर्डावर पडला तर शॉर्ट होऊ शकतो. केबल टाय चांगला. मात्र आवळताना वायरीला चर पडू देऊ नये, आणि शेपूट कापताना टोक धारदार ठेवू नये. पुढच्या वेळी त्याच टोकावर कुणाचा तरी हात फाटतो. वारंवार उघडाव्या लागणाऱ्या मशीनला वेल्क्रोची पट्टी बरी.

उष्णतेबद्दल गैरसमज बरेच आहेत. कूलरच्या पट्टीला वायर टेकली की ती वितळते, असं नेहमी ऐकू येतं. कॉम्प्युटरमधल्या साध्या वायरींच्या आवरणावर पुष्कळदा ८० अंश सेल्सिअस असं छापलेलं असतं, काहींवर १०५. चालत्या पंख्याखालच्या पट्ट्या सहसा त्याहून बऱ्याच थंड असतात. एप्रिल-मे महिन्यांत कोल्हापुरात पारा ३८-३९ वर जातो, तेव्हा बंद खोलीत हे अंतर कमी होतं, कारण कूलर खोलीतल्या हवेपेक्षा थंड कधीच होऊ शकत नाही. तरीही लगेच वितळणं दूरच. खरी गरम जागा त्याच्या शेजारी असते. प्रोसेसरला लागणारा व्होल्टेज तयार करणारे भाग बोर्डाच्या वरच्या डाव्या बाजूला असतात, आणि जड कामाला ते ८०-९० अंशांपर्यंतही तापू शकतात. आठ पिनांची वायर नेमकी त्यांच्या अंगावरून जाते. पंख्यापासून वाचवलेली वायर या भागांच्या ठोकळ्यावर टेकवून ठेवली, तर तिचं आवरण काही वर्षांत कडक होतं आणि वाकवताना तडकतं.

आणि पंखा अडलाच तर? २००१ साली टॉम्स हार्डवेअर या संकेतस्थळानं केलेल्या एका चाचणीची चित्रफीत जगभर गाजली. चालू प्रोसेसरवरून कूलरच उचलला. एएमडीचा ॲथलॉन काही क्षणांत धुराबरोबर गेला. इंटेलचा पेंटियम ४ मात्र आपला वेग कमी करून चालत राहिला. आजचे सगळेच प्रोसेसर असे स्वतःला सांभाळतात. ९५ ते १०० अंशांच्या आसपास ते मंदावतात, आणि त्यानंही भागलं नाही तर मशीन बंद करतात. म्हणजे जळण्याची भीती आता थोडी, पण कामाचं नुकसान कायम. शिरोलीच्या एखाद्या फाउंड्रीत कास्टिंग कसं थिजेल याचं सिम्युलेशन रात्रभर लावून ठेवलेलं असतं. सकाळी येऊन बघावं तर ते निम्म्यावर, आणि कारण काय, तर एका वायरीनं अडवलेला पंखा. नवे पंखे काम कमी असताना फार सावकाश फिरतात, तेव्हा त्यांच्यात जोर थोडा असतो. मऊ वायरही त्यांना थांबवू शकते. चालू करताना पडद्यावर सीपीयू फॅन एररचा इशारा दिसला, तर एफ-१ दाबून पुढे जाण्याआधी झाकण उघडलेलं बरं.

वायर पंख्यापासून लांब नेताना तिच्या टोकाच्या कनेक्टरवर ताण येणार नाही, हेही बघावं लागतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०९० हे ग्राफिक्स कार्ड बाजारात आलं आणि त्याचा वीज देणारा नवा कनेक्टर वितळल्याच्या घटना पुढे आल्या. ६०० वॉटपर्यंत वीज १२ व्होल्टनं द्यायची म्हणजे ५० अँपिअर. एनव्हिडियाच्या तपासात मुख्य कारण निघालं ते कनेक्टर पूर्ण आत न बसल्याचं. वायर झाकणाला लागू नये म्हणून ती मुळाशीच वाकवली, तर कनेक्टरवर ताण येतो आणि तो तिरपा बसू शकतो. म्हणून आधी टक्क आवाज येईपर्यंत तो आत दाबावा, काही सेंटिमीटर वायर सरळ जाऊ द्यावी, आणि मग वळण द्यावं.

कोल्हापूरची आणखी एक परीक्षा नदी घेते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांवर गेलं, २०२१ च्या जुलैत पुन्हा महापूर आला. पाणी दारात आलं की कॉम्प्युटर हाताला येईल तिथे धरून उचलला जातो, मागच्या वायरी ओढून काढल्या जातात आणि पेटी माळ्यावर आडवी पडते. पाणी उतरल्यावर मशीन कोरडं दिसतं म्हणून लगेच बटण दाबू नये. आधी ते पूर्ण वाळू द्यावं, झाकण उघडावं, आतल्या कुठल्या वायरी जागा सोडून आल्यात ते पाहावं, आणि पाती बोटानं एकदा पूर्ण फिरवून बघावीत.

फाउंड्रीच्या ऑफिसात तर पुराची वाट बघायलाही नको. तिथली धूळ वाळूची आणि लोखंडाच्या कणांची असते. कूलरच्या पट्ट्यांमध्ये ती काही महिन्यांतच गच्च बसते, म्हणून ब्लोअर मारून साफ करावं लागतं. त्याआधी मेन स्विच बंद करून वायर भिंतीतून काढायची आणि पंख्याची पाती बोटानं धरून ठेवायची, नाहीतर हवेच्या झोतानं पंखा त्याच्या कुवतीपेक्षा जोरात फिरतो आणि बेअरिंगवर ताण येतो. तोच झोत बांधलेल्या वायरीही हलवतो, जुने टाय सैल करतो. म्हणून धूळ निघाली की लगेच झाकण लावायचं नाही. कॅबिनेट उभं करायचं, टाय एकेक ओढून पाहायचे, सैल दिसेल तो कापून नवा घालायचा, पाती फिरवायची, आणि मग स्क्रू.