बाई, माझं काम ठेवाल ना?

मार्गशीर्ष लागला, पहाटे अंगणात शेकोट्या पेटायला लागल्या, की आमच्या गावाला शाळेचं वेड लागतं. तुमच्याकडेही तसंच असेल म्हणा. एरवी ज्या शाळेकडे कुणी ढुंकून पाहत नाही, तिच्या फाटकाशी दुपारभर माणसं उभी असतात. मैदानावर कबड्डी आणि खो-खोच्या फक्क्या आखलेल्या असतात. सहलीला लाल गाडी मिळणार की नाही, याची चर्चा हॉटेलात चालते. संमेलनाच्या नाचासाठी कुणाची तरी हिरवी नऊवारी हवी असते आणि मारुतीच्या भूमिकेला शेपटी कशाची करावी, याची काळजी अख्ख्या आळीला पडलेली असते.

बीड आणि लातूर या दोन जिल्ह्यांच्या शिवेवर आमचं गाव. एक एस. टी. स्टँड, एक आठवडी बाजार आणि दोन-तीन शाळा, एवढाच त्याचा पसारा. तिथल्या प्राथमिक शाळेत मी तीस वर्षं शिकवलं आणि २०११ साली निवृत्त झाले. थंडीतली शाळा मला फार आवडायची. सकाळचे तास आम्ही उन्हातच घ्यायचो. पोरांचे गाल आणि पोटऱ्या फुटलेल्या, अंगात थोरल्या भावाचा गुडघ्यापर्यंत येणारा स्वेटर, आणि दप्तरात पुस्तकांपेक्षा बोरं जास्त. जानेवारीत कुणी हरभऱ्याचे डहाळे आणायचं, कुणी कागदात बांधून हुरडा. गणित सांगता सांगता मीही चार दाणे तोंडात टाकायची. खोटं कशाला बोलू?

पण या सगळ्या आनंदात एक गोष्ट होती, ती मला कितीतरी वर्षं दिसलीच नाही. खरं सांगायचं तर दिसत होती, पण मी तिच्याकडे पाहत नव्हते. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा भरली की माझ्या वर्गातली चौदा-पंधरा पोरं कमी झालेली असायची. पटावर पंचेचाळीस आणि समोर तीस. ज्यांच्या घरी कोयता, त्यांची ती पोरं. दसरा झाला की ट्रॅक्टर आणि ट्रक यायचे. भांडीकुंडी, सरपण, शेळी, म्हातारं माणूस आणि लेकरं सगळी एकावर एक बसून सांगली-कोल्हापूरकडे, नाहीतर कर्नाटकात ऊस तोडायला निघून जायची. ती परतायची थेट पाडव्याच्या सुमाराला. मी हजेरीपटावर लाल शाईनं त्यांच्या गैरहजेऱ्या मांडायची आणि शिक्षकांच्या खोलीत चहा पिताना म्हणायची, “या लोकांना शिक्षणाची किंमतच नाही.” हे वाक्य मी स्वतः बोललेली आहे, म्हणून तुमच्यापुढे लिहिते.

२००१ सालची गोष्ट. माझ्या तिसरीच्या वर्गात एक मुलगी होती. तिचं नाव सांगत नाही, ती आता संसारी बाई आहे. अंगानं किरकोळ, पण आवाज असा खणखणीत की मागच्या भिंतीवर आदळून परत यावा. पाच सप्टेंबरला शिक्षक दिनी पोरं शिक्षक होतात ना, तेव्हा ती बाई झाली होती. माझ्यासारखा पदर खोचून तिनं असा काही वर्ग घेतला की मीच मागच्या बाकावर गप्प बसले. मी सहज म्हटलं, “तीन जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती आहे. आपण नाटुकलं बसवू. सावित्रीबाई तूच हो.” आणि चार पानांवर तिची वाक्यं लिहून दिली.

दसऱ्यानंतर ती एका दुपारी आली. कडेवर दोन वर्षांचा भाऊ. म्हणाली, “बाई, आमी उद्या फडावर चाललो. माझं काम ठेवाल ना?”

“ठेवते की,” मी म्हणाले. लेकराला बरं वाटावं म्हणून आपण मोठी माणसं किती सहज बोलून जातो!

डिसेंबर उजाडला. तालमी सुरू झाल्या. सावित्रीबाईचं काम मी दुकानदाराच्या मुलीला दिलं. तिनंही छान केलं. टाळ्या पडल्या, फोटो निघाला. पुढे २६ जानेवारीची प्रभातफेरी झाली, परीक्षा तोंडावर आल्या, आणि मी दिलेला शब्द पार विसरले.

पाडवा झाल्यावर एका दुपारी वर्गाच्या दारात ती उभी राहिली. काळवंडलेली, हातांवर उसाच्या पाचटानं चिरलेल्या बारीक रेघा, कडेवर तोच भाऊ. मी म्हटलं, “अगं, कधी आलीस?”

तिनं त्याचं उत्तर दिलंच नाही. विचारलं, “बाई, ग्यादरिंग झालं?”

“झालं गं, कधीच झालं.”

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग भावाला खाली ठेवलं, परकर नीट केला आणि सुरुवात केली. चारही पानं. एक शब्द इकडचा तिकडे नाही. शाळेत जाताना लोक अंगावर शेण आणि चिखल टाकत, म्हणून सावित्रीबाई बदलायला दुसरं लुगडं बरोबर नेत, हा प्रसंग ती म्हणू लागली तेव्हा तिचा आवाज तसाच भिंतीवर आदळून परत येत होता. वर्ग रिकामा. बाहेर चैत्राचं ऊन. प्रेक्षक म्हणून मी आणि तिचा भाऊ. नंतर कळलं की ती पानं तिनं कोपीच्या आढ्यात खोचून ठेवली होती आणि भावाला झोका देता देता पाठ केली होती.

वाचक हो, त्या दिवशी मला घरी गेल्यावर जेवण गेलं नाही. शिक्षणाची किंमत कुणाला नव्हती, त्या लोकांना की मला?

पुढच्या वर्षी, २००२ साली, पोळा झाला आणि मी तिच्या घरी गेले. मनात भाषण तयार होतं. मुलगी शिकली पाहिजे वगैरे. तिच्या आईनं पाट दिला, काळा चहा दिला आणि माझं सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाली, “बाई, तुमचं खरंय. पण कोयता दोघांचा असतो. नवरा तोडतो, मी मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन गाडी भरायची. अंधारात उठून फडात जावं लागतं. ही नसली तर लेकराला कोण बघंल? फडाच्या कडंला निजवावं, तर ट्रॅक्टर मागं-पुढं होतोय. अन् एक दिवस खाडा केला तर उचलीतून पैसे कापतेत.”

उचल तिनं आषाढातच घेतली होती. निम्मी घरावरच्या पत्र्याला आणि निम्मी नणंदेच्या लग्नाला गेली होती. म्हणजे माझं भाषण पोहोचण्याआधी दोन महिने सगळं ठरून गेलेलं! मी नेहमी दिवाळीनंतर पोरं शोधायची. त्यांचा हिशेब पावसाळ्यातच झालेला असायचा.

आणि माझ्या हेही ध्यानात आलं की नड मुलीच्या शाळेची नव्हतीच, नड होती त्या अडीच वर्षांच्या पोराची. घरात आजी होती, पण तिला डोळ्यांनी कमी दिसायचं. दोन लेकरं सांभाळणं तिला एकटीला झेपलं नसतं. मग आम्ही तिघी-चौघी बायका बसलो. पोराला दुपारपर्यंत अंगणवाडीत घ्यायचं ठरलं. तिथल्या ताई म्हणाल्या, “पाठवा, इतक्या पोरांत एक काही जड नाही.” शेजारच्या मावशींनी सांगितलं, “रातच्याला तिघं आमच्या वसरीवर निजतील.” आईबापांनी जाताना ज्वारीची कणगी भरून ठेवली. पाण्याच्या दोन घागरी शेजारची सून आणून टाकायची. यात पैसा लागला तो फार थोडा. लागली ती माणसं, आणि लागलं ते वेळेवर विचारणं.

निघताना ट्रॅक्टरवर बसलेल्या आईनं पदर तोंडात धरला होता. लेकरांना मागं ठेवून जाणं सोपं नसतं. ते माझ्यासारख्या नोकरदार बाईनं तिला शिकवावं, एवढी माझी लायकी नव्हती.

त्या वर्षी वेळा अमावास्या, आमच्याकडची येळवस, नेमकी २ जानेवारी २००३ ला आली. ज्यांच्याकडे हा सण नाही त्यांच्यासाठी सांगते. त्या दिवशी आमची गावं ओस पडतात आणि शेतं भरतात. शाळेला सुट्टी. रानात कडब्याची कोप करायची, आत पाच पांडव मांडून पूजा करायची. मग भज्जी, बाजरीचे उंडे, खीर आणि मडक्यातली ताकाची आंबील. आमंत्रण लागत नाही, वाटेनं जाणारालाही हाक मारून जेवायला बसवतात. दरवर्षी मी बागायतदार पालकांच्या मळ्यात जायची. त्या वर्षी आजीच्या दीड एकर कोरडवाहू रानात गेले.

कोप लहानशीच होती, नातीनं केलेली, जराशी कललेली. भज्जीत पावटे थोडे आणि पाणी जास्त. पण आंबील अशी की अजून चव जिभेवर आहे. पूजा झाल्यावर आजीनं दोन पानं जास्तीची वाढली आणि कोपीच्या तोंडाशी ठेवली. मी विचारलं, “ही कुणाची?”

“ल्योक अन् सुनंची,” आजी म्हणाली. “ते बी तिकडं कोपीतच हाईत की.”

आपण वर्षातून एक दिवस हौसेनं कोपीत बसतो. आपल्याच गावची माणसं सहा महिने कोपीत काढतात, हे मला तोवर कधी सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तीन जानेवारी. बाकं जोडून रंगमंच केला होता, पडद्याला माझ्या दोन चादरी. आजी घोंगडी पांघरून पुढच्या रांगेत, मांडीवर नातू. आमची सावित्री आली, हातात पाटी, काखेत दुसरं लुगडं. शेण टाकण्याचा प्रसंग आला. चौथीच्या पोरांनी काळ्या चिंध्यांचे गोळे तिच्या अंगावर भिरकावले. इतक्यात “अक्का!” अशी किंकाळी ऐकू आली आणि तो अडीच-तीन वर्षांचा पठ्ठ्या आजीच्या मांडीवरून सुटला. बाकांवर चढून त्यानं त्या पोरांना बुक्क्यांनी मारायला सुरुवात केली! सगळं मैदान हसलं. सावित्रीबाईनं वाक्य न थांबवता भावाला कडेवर घेतलं आणि बाकीचं सगळं काम तसंच त्याला कडेवर घेऊन केलं. पुढे पुढे हसणाऱ्या बायकाच डोळे पुसत होत्या. नायगावच्या शेतकऱ्याची लेक, १८३१ साली जन्मलेली, १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींना शिकवायला उभी राहिलेली. तिचं काम करायला याहून योग्य पोर मला पुन्हा मिळालं नाही.

ती मुलगी पुढे काही कलेक्टर झाली नाही. दहावी पास झाली, शिवणकाम शिकली, वीस वर्षांची झाल्यावर तिचं लग्न झालं. तेराव्या-चौदाव्या वर्षी लग्न होऊन हाती कोयता आला नाही, हे मला कलेक्टर होण्याइतकंच मोठं वाटतं. दर जानेवारीत तिचा फोन येतो. पलीकडून पहिलं वाक्य ठरलेलं, “बाई, ग्यादरिंग झालं?” आणि आम्ही दोघी हसतो.

आता थोडं तुमच्याशी. २००९ साली शिक्षणहक्काचा कायदा झाला, १ एप्रिल २०१० पासून तो लागू आहे. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक लेकराला शाळेचा हक्क आहे. तोडीला जाणाऱ्यांची मुलं गावातच राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आहे, काही कारखान्यांच्या परिसरात साखरशाळाही चालल्या. पण योजना कागदावरून उठून लेकराच्या ताटापर्यंत यायला मध्ये कुणीतरी माणूस लागतो. शाळेच्या व्यवस्थापन समितीत पालक असतात. तुम्ही त्यात असाल, तर पोळ्याच्या आतच विचारा की यंदा आपल्या गावातून किती कोयते जाणार आणि त्यांच्याबरोबर किती पोरं. यादी तेव्हाच झाली तर काही होतं. दसऱ्यानंतर फक्त लाल शाई उरते.

आणि मायबहिणींनो, योजनेच्या पलीकडचंही थोडं आपल्या हातात आहे. तुमच्या शेजारी एखादी आजी नातवंडांना घेऊन मागं राहिली असेल, तर तिला वसरीवर जागा द्या. जाता-येता तिच्या लेकरांवर नजर ठेवा. संक्रांतीला तिळगूळ वाटताना तिच्या दारात आधी जा. संमेलनाला तिला हाताला धरून न्या आणि पुढं बसवा.

एवढं करून पाहा. आणि थंडीत शाळेच्या फाटकाशी उभं राहून पोरांचे खेळ पाहाल, तेव्हा खेळणारी पोरं तर मोजाच. पण कोण आलं नाही, तेही एकदा मोजून घ्या.