पथ्याचा कागद
टायफॉइडने आडवी झाले तेव्हा पथ्याचा छापील कागद पहिल्यांदाच खाटेवरून वाचला. एरवी तो मीच रुग्णांना देते. त्यात पेज नव्हती. आईने ती आणली, मेतकूट घालून, आणि तोंडाला चव आली.

तेव्हापासून मॅडेलिन लायनिंगर मनात घोळतेय. या अमेरिकन नर्सला १९५०च्या दशकात सिनसिनाटीत जाणवलं, की वेगवेगळ्या संस्कृतींतल्या मुलांना एकाच तऱ्हेची शुश्रूषा पुरत नाही. मग ती मानववंशशास्त्राकडे वळली, न्यू गिनीत गॅडसप लोकांमध्ये राहिली, १९६५मध्ये डॉक्टरेट. हेवाच वाटतो.

आमच्या वॉर्डात बाळंतिणी कान बांधून बसतात. आम्ही रुमाल सोडायला लावतो; तो का बांधला, हे कुणी विचारत नाही. अशा रीतींची एक वही करावी म्हणते. पण पहिला प्रश्न बाळंतिणीला विचारावा की तिच्या सासूला, इथेच अडलंय.