धागा तुटला की माग थांबला पाहिजे

नागोया, ९ फेब्रुवारी, रात्री उशिरा

प्रिय दादा,

पोचले. आईला सांग, स्वेटर दोन्ही अंगावर आहेत आणि तरीही थंडी वाजते. वायव्येला इबुकी नावाचा डोंगर आहे. त्याच्यावरून खाली येणाऱ्या वाऱ्याला इथं ‘इबुकी-ओरोशी’ म्हणतात. बर्फ नाही, ऊन लख्ख आहे, पण वारा कानात शिरतो आणि डोकं दुखायला लागतं. आप्पांचा गुडघा कसा आहे? सायझिंगवाल्याचं बिल भागलं का? फोनवर तू दोन्ही वेळा विषय बदललास, म्हणून लिहून विचारते.

जेवणाचे फार हाल आहेत. सूप म्हणू नकोस, रस्सा म्हणू नकोस, सगळ्याच्या तळाशी माशाचं पाणी. रुंद पट्ट्यांच्या शेवया इथं प्रसिद्ध आहेत, किशिमेन म्हणतात. वाटी समोर आली ती वरून सुक्या माशाचे पापुद्रे हलत होते. शेवटी दुकानातून भाताचे गोळे आणले, आत खारवलेलं आंबट फळ. तीन गोळ्यांचे पाचशे येनच्या वर गेले. घरी तेवढ्यात चौघं जेवतात. सकाळ मात्र चांगली जाते. इथल्या हॉटेलात सकाळी कॉफी मागवली की जाड पाव फुकट येतो, आणि त्यावर लाल चवळीसारख्या दाण्याचं गोड सारण. अगदी पुरणासारखं लागतं. पहिला घास खाल्ला आणि होळीची आठवण आली. वहिनीला हे सांगच.

एका कचेरीत नोंद करायला गेले होते. खिडकीवरच्या माणसानं माझा अर्ज पुन्हा पुन्हा परत दिला. पासपोर्टवर माझं, आप्पांचं आणि आडनाव असं सगळं एका दमात आहे आणि त्यांच्या चौकटीत ते मावत नाही. मी बारीक अक्षरात लिहिलं तर म्हणाला, चौकटीबाहेर गेलं. आप्पांचं नाव गाळलं तर म्हणाला, पासपोर्टशी जुळत नाही. वर न बघता बोटानं कागद सरकवायचा. दुसऱ्या खिडकीवरच्या बाईंनी एक मिनिटात नोंद केली. मला त्या माणसाचा राग अजून आहे.

उद्या मागांचं संग्रहालय. झोपते.


नागोया, ११ फेब्रुवारी

दादा,

काल तू तिथं असायला हवा होतास. आप्पा तर हवेच होते.

टोयोटा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पुढाऱ्यांची फॉर्च्युनर येते, नाहीतर लग्नाच्या वऱ्हाडाची इनोव्हा. पण तिचं मूळ मागात आहे. नागोयात साको स्टेशनजवळ लाल विटांचं जुनं खातं आहे. १९११ साली साकिची तोयोदांनी तिथं माग चालवून बघायला सुरुवात केली होती. आता त्याचं संग्रहालय केलंय. दारातून आत गेलं की पहिल्यांदा गाडी दिसत नाही, दिसतो एक भलामोठा गोल माग. आणि आतल्या दालनात माग चालू आहेत. खरोखर चालू. तो खडखडाट कानावर आला आणि माझे डोळे भरून आले. इतक्या लांब येऊन आपल्या गल्लीचा आवाज ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

साकिची सुताराचा मुलगा, १८६७ चा जन्म. म्हणजे आपल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांहून दोन वर्षांनी मोठा. आईला हातमागावर राबताना बघून त्यानं मागाचा ध्यास घेतला. १८९१ मध्ये लाकडी हातमागाचं पेटंट, १८९६ मध्ये यंत्रावर चालणारा माग. इचलकरंजीत दातारांनी पहिला यंत्रमाग आणला १९०४ साली, म्हणजे काळ साधारण एकच. फरक पुढं पडला. आपण माग आणला आणि चालवला. साकिची तो मोडून मोडून सुधारत राहिला.

त्या १८९६ च्या मागातच मुख्य गोष्ट होती. बाणा तुटला की माग आपणहून थांबायचा. साधी गोष्ट वाटेल, पण तू विचार कर. आपल्याकडं एक माणूस चार माग बघतो, म्हणजे तो काय करतो? कुठं तार तुटली, कुठली कांडी संपली, यावर डोळा ठेवून पळत राहतो. मागच जर तुटलेला धागा ओळखायला लागला, तर माणसाला पहारा द्यावा लागत नाही. १९२४ मध्ये साकिची आणि त्याचा मुलगा किइचिरो यांनी ‘जी’ प्रकारचा माग काढला. त्याचं प्रात्यक्षिक काल पाहिलं. कांडी संपत आली की माग न थांबता, वेग कमी न करता, रिकामा धोटा बाहेर आणि भरलेला आत. डोळ्याची पापणी लवेपर्यंत झालेलं असतं. दाखवणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांनी मुद्दाम एक उभा धागा कात्रीनं तोडला, आणि माग जागच्या जागी थांबला. मी त्यांना पुन्हा करायला सांगितलं. त्यांनी हसून पुन्हा केलं. असे तीसएक माग एक माणूस बघू शकत असे.

आणि हे ऐक. १९२९ मध्ये इंग्लंडच्या ओल्डहॅममधल्या प्लॅट ब्रदर्सनं या मागाचे हक्क घ्यायचा करार केला, एक लाख पौंडांचा. जगाला माग पुरवणारी कंपनी जपानी सुताराच्या मुलाकडून माग शिकायला आली. करारासाठी किइचिरो स्वतः तिकडं गेला आणि लँकेशायरचा बुडत चाललेला कापडधंदा त्यानं डोळ्यांनी पाहिला. परत येऊन कारियातल्या मागांच्या कारखान्यात एका कोपऱ्यात छोट्या इंजिनाचा अभ्यास सुरू केला. १९३० मध्ये वडील गेले. १९३३ मध्ये मागांच्या कंपनीतच मोटारींचा विभाग निघाला. धंदा चालू असताना, माग विकले जात असताना, त्यानं पुढचं बघितलं. आपल्याकडं भंगारच्या भावानं माग तोडायची वेळ आल्यावर आपण बैठका घेतो.

पुढचं नंतर लिहिते. बोटं गारठली. गाड्यांचं दालन संग्रहालयात आणखी मोठं आहे, मी ते भराभर बघितलं.


तोयोता शहर, १४ फेब्रुवारी

दादा,

तुझं उत्तर मिळालं. छोटीला इंग्रजीत कमी पडले म्हणून ओरडू नको. आणि चार माग विकायचा विचार आहे हे तू आप्पांना अजून सांगितलेलं नाहीस, हे मला आवडलं नाही. त्यांना बाहेरून कळलं तर जास्त लागेल.

हे शहर बघायला काही नाही, रुंद रस्ते आणि कारखाने. पण इतिहास ऐकण्यासारखा आहे. पूर्वी याचं नाव कोरोमो. रेशमाचा धंदा होता. तो बसला आणि गावाला काम उरलं नाही. किइचिरोला कारखान्याला जागा हवी होती, गावाकडं माळरान पडून होतं. १९३७ मध्ये टोयोटा मोटार कंपनी स्थापन झाली, १९३८ मध्ये इथला कारखाना सुरू झाला, आणि १९५९ मध्ये गावानं स्वतःचं नावच बदलून कंपनीचं घेतलं. रेशमाचं मोडलेलं गाव मोटारीवर उभं राहिलं.

आज जगात सगळ्यात जास्त गाड्या विकणारी ही कंपनी, पण सुरुवात वाईट होती. १९३५ चा पहिला ट्रक रस्त्यात सारखा बंद पडायचा. कंपनीची माणसं बंद पडेल तिथं जाऊन दुरुस्त करत. युद्धानंतर तर दिवाळं निघायची वेळ आली. १९५० मध्ये कामगार कमी करायचे ठरले, संप झाला, सोळाशे माणसं घरी बसवायची योजना होती. किइचिरोनं आधी कुणाला काढणार नाही असं सांगितलेलं. शब्द पाळता आला नाही, म्हणून त्यानं जूनमध्ये अध्यक्षपद सोडलं. त्याच महिन्यात कोरियाचं युद्ध सुरू झालं आणि लगेच अमेरिकन सैन्याच्या ट्रकच्या ऑर्डरी आल्या. महिनाभर आधी आल्या असत्या तर? कंपनी सावरली ती मागांच्या कंपनीच्या इशिदा ताइझोंनी. त्यांना किइचिरोला परत आणायचं होतं. पण तो १९५२ मध्ये वारला, सत्तावन्नाव्या वर्षी. हे वाचून मला दुपारभर काही सुचलं नाही.

आता कारखाना. वरच्या पुलावरून बघायला देतात, फोटो काढू देत नाहीत. मला वाटलं होतं सगळं यंत्रमानव करत असतील. वेल्डिंगला तसं आहे, पण जुळणीला माणसंच माणसं. प्रत्येकाच्या हाताशी एक दोरी असते. काही चुकलं, बोल्ट बसला नाही, ओरखडा दिसला, की ओढायची. वरच्या फळ्यावर दिवा लागतो, गाण्याची धून वाजते आणि गटप्रमुख पळत येतो. ठरलेल्या रेषेपर्यंत गाडी पोचायच्या आत दुरुस्त झालं तर ठीक, नाहीतर अख्खी लाइन उभी राहते. मी होते तेवढ्यात कितीतरी वेळा धून वाजली. कुणी कुणावर ओरडलं नाही.

ही पद्धत बसवणारे ताइइची ओनो मुळात तोयोदांच्या सूतगिरणीतले. १९४३ मध्ये मोटारींकडं आले. एक माणूस अनेक यंत्रं बघू शकतो हे त्यांनी गिरणीत पाहिलेलं होतं, तेच इथं लावलं. लागेल तेव्हा, लागेल तेवढाच माल. आणि दोष दिसला की थांब, का झालं ते पाच वेळा विचार. जगभरच्या व्यवस्थापनाच्या कॉलेजांत हे शिकवतात. डीकेटीई कॉलेजात आम्हालाही एक धडा होता, पाठ करून लिहिला आणि विसरलो. त्या धड्याच्या मुळाशी माग आहे, हे इचलकरंजीतल्या मुलांना कुणी सांगितलं नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

जेवायला आज उडीद-भात असतं तर! भात आहे, लोणच्याचे दोन तुकडे आहेत. चालवते.


टोकियोच्या गाडीत, १७ फेब्रुवारी

दादा,

क्योटो झालं. सोनेरी मंदिर सोनेरी आहे आणि गर्दी फार. फुजी आत्ता डावीकडं दिसून गेला.

आप्पांनी विचारलंय, हे लोक कधी चुकत नाहीत का. चुकतात, आणि मोठं चुकतात. १९५७ मध्ये अमेरिकेत पाठवलेली क्राउन तिथल्या महामार्गांवर दमली, काही वर्षांत पाठवणं बंद करावं लागलं. २००९-१० मध्ये लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या, संस्थापकाचा नातू अकिओ तोयोदा अमेरिकन काँग्रेससमोर उभा राहिला. मला सगळ्यात लागलं ते अलीकडचं. २०२३ च्या अखेरीस दाइहात्सु या त्यांच्याच कंपनीत गाड्यांच्या चौसष्ट मॉडेलांच्या चाचण्यांत गैरप्रकार निघाले. मागोमाग जानेवारी २०२४ मध्ये टोयोटा इंडस्ट्रीजमध्ये डिझेल इंजिनांच्या चाचण्यांचे आकडे फिरवल्याचं उघड झालं. ही कंपनी म्हणजे साकिचीचा मागांचा कारखाना! तेव्हा आपल्याकडंही इनोव्हा क्रिस्टा आणि फॉर्च्युनर काही दिवस पाठवायच्या थांबल्या होत्या. दाइहात्सुच्या चौकशी समितीनं लिहिलं, मुदती इतक्या आवळल्या होत्या की खालच्या माणसाला नाही म्हणता येईना. जुळणीच्या लाइनवर दोरी होती, चाचणीच्या खोलीत नव्हती. अकिओंनी जाहीर माफी मागितली. नाव मोठं झालं ते थांबण्यामुळं आणि डागाळलं ते न थांबल्यामुळं, असं माझं स्वच्छ मत झालंय.

आप्पांना किर्लोस्करवाडीचा अभिमान आहे म्हणून हेही सांग. टोयोटा भारतात आली ती किर्लोस्करांबरोबर, आणि इथल्यासारखीच आधी कापडधंद्याच्या यंत्रांतून. १९९७ मध्ये मोटारींची कंपनी झाली, बेंगळुरूजवळ बिडदीला. ती उभी करणारे विक्रम किर्लोस्कर २०२२ मध्ये गेले.

आता माझं मागणं. आपल्या खात्यात कामगाराला ५२ पिकाच्या कापडाला मीटरमागे इतके, असा दर मिळतो. माग थांबला की त्याचे पैसे थांबतात. वर डॅमेज निघालं तर ते आपण त्याच्याच मजुरीतून कापतो. मग तो माग कशाला थांबवेल? तुटलेल्या तारेसकट पुढं रेटणारच. आणि मग व्यापारी तागा परत टाकतो, भाव पाडतो, आणि तू रात्रभर झोपत नाहीस. नवा ऑटोलूम घ्यायला आपल्याकडं पैसे नाहीत, मला माहीत आहे. पण दोष दिसला म्हणून माग थांबवला तर त्या वेळेची मजुरी द्यायला ऑटोलूम लागत नाही. माग विकायच्या आधी एकदा एवढं करून बघ. जॉबरमामांना बसवून विचार, कुठल्या मागावर तार सारखी तुटते आणि का. फणी खराब आहे, की सायझिंग कच्चं आहे, की सूतच हलकं घेतलंय? आणि आप्पांना आजच सगळं सांग. मी आल्यावर हिशोबाला बसते. तोवर एकही माग विकू नकोस.

तुझी,
धाकटी