राम कदमांची घुंगरं आणि काकांचं ढुमढुम

फ्लॅक म्हणजे काय, हे आमच्या गावात, इंझोरीत, कुणाला सांगायची वेळ आली की मी बोलत बसत नाही, 'पिंजरा' लावतो. १९७२चा सिनेमा, राम कदमांचं संगीत, उषा मंगेशकरांचा आवाज आणि घुंगरं. आधी १२८ केबीपीएसची एमपीथ्री ऐकवतो, मग सीडीवरून उतरवलेली फ्लॅक. एमपीथ्रीतली घुंगरं सुपात तूर पाखडल्यासारखी येतात, सगळी मिळून एकच खसखस. फ्लॅकमध्ये पाय कधी पडला नि कधी थांबला ते कळतं. ऐकणारा म्हणतो, "हो, फरक हाये," नाहीतर विचारतो, "आवाज वाढवला काय रे?" हा प्रश्न रास्त आहे. जरासा मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो, म्हणून दोन्ही फाइलींचा आवाज मी आधी सारखा करून घेतो.

एमपीथ्री छाटणी करते. कानाला कळणार नाही असं तिला वाटतं ते टाकून देते. १२८मध्ये साधारण १६ हजार हर्ट्झच्या वरचं बहुतेक सगळं जातं, आणि घुंगरू, टाळ, हलगी अशा तुटक आवाजांच्या कडा फिसकटतात. सीडीवर सेकंदाला ४४,१०० नोंदी असतात, प्रत्येक १६ बिटची, डावी-उजवी वेगळी. म्हणजे सेकंदाला १,४११ किलोबिट. १२८ हा त्याचा अकरावा हिस्सा. फ्लॅक छाटत नाही, फक्त दाबून बांधते. गाण्यानुसार आकार निम्म्यावर किंवा थोडा वर येतो, आणि उघडलं की सीडीवरचा बिट न् बिट परत मिळतो. २००१पासून हा प्रकार सगळ्यांना फुकट वापरता येतो.

माझ्या शाळेच्या दिवसांत गाणी मोबाइलच्या दुकानात 'भरून' मिळायची. दोन जीबीच्या कार्डात ४००च्या आसपास गाणी बसत. फ्लॅक असती तर साठ-सत्तरच बसली असती, त्यामुळे दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नाही. पण त्या फाइली एमपीथ्रीवरून पुन्हा एमपीथ्री केलेल्या असायच्या. दर फेरीत थोडं थोडं झडत जायचं. गाण्याच्या नावाच्या जागी कुठल्यातरी वेबसाइटचं नाव, संगीतकाराचा पत्ता नाही.

नोकरीला पुण्यात गेलो आणि रविवारचा जुना बाजार सापडला. गंजके पाने आणि बंद घड्याळांच्या शेजारी सीड्यांचे ढीग असतात. वीस-तीस रुपयांत 'जैत रे जैत' मिळाली, 'मैंने प्यार किया' मिळाली. या दुसरीवर संगीतकार म्हणून रामलक्ष्मण एवढंच छापलंय. त्यातले राम, म्हणजे सुरेंद्र, १९७६मध्येच गेले होते. लक्ष्मण म्हणजे नागपूरचे विजय पाटील. त्यांनी पुढची सगळी कारकीर्द त्या जोडनावानंच केली. १९८९च्या त्या गाण्यांवर अख्खा देश नाचला, पण संगीतकार आपल्या विदर्भातला हे आमच्याकडेही फार थोड्यांना ठाऊक आहे.

सीडी उतरवणं हे धीराचं काम. साधं कॉपी केलं तर ओरखडा आला की ड्राइव्ह अंदाजानं भर घालते आणि सांगतही नाही. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हे सॉफ्टवेअर मात्र तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाचून उत्तर जुळवून पाहतं, आणि जुळलंच नाही तर तसं सांगतं. ड्राइव्ह घरघरत राहते. शेवटी सगळ्या नोंदींवरून आलेली बेरीज (चेकसम) जगभरात इतरांनी त्याच सीडीवरून काढलेल्या बेरजेशी ताडून पाहता येते. जुळली की मला जो आनंद होतो तो घरात कुणालाही समजावता आलेला नाही. फसवणूकही चालते. कुणीतरी एमपीथ्रीच फ्लॅकमध्ये गुंडाळून देतो. फाइल फुगते, गेलेलं काही परत येत नाही. स्पेक या छोट्या सॉफ्टवेअरमध्ये टाकली की चित्रात १६ हजाराला सरळ कापलेली रेघ दिसते.

आता खरं सांगतो. आंधळी परीक्षा करून पाहिली, कुठली फाइल वाजतेय हे न कळता. १२८ची एमपीथ्री ओळखता आली, ३२०ची नाही. मग फ्लॅक कशाला? तर जपायला. फ्लॅकमधून उद्या कुठलाही प्रकार बनवता येतो, एमपीथ्रीतून खरी फ्लॅक बनत नाही. त्यात मूळ आवाजाची खूणगाठही नोंदलेली असते, एक बिट जरी बिघडला तरी तपासताना कळतं. कान टवकारून फरक शोधणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, पण त्यांच्यातल्या निम्म्यांचे हेडफोन ब्लूटूथचे असतात आणि बहुतेक ब्लूटूथ पुन्हा छाटणी करतंच.

ऐकावं ते मात्र इंझोरीतच. पुण्याच्या खोलीत रहदारीच इतकी की सीडीच्या ९६ डेसिबलच्या आवाक्यातला खालचा अर्धा भाग ऐकूच येत नाही. इकडे थंडीत हरभऱ्याला पाणी द्यायला रात्रपाळीची लाईट असते. दांड फोडून धुऱ्यावर बसलं, तारेचे हेडफोन लावले की 'जैत रे जैत'मधला एकेक आवाज आपल्या जागेवर उभा दिसतो. फक्त मोटरीपासून लांब बसायचं.

गेल्या दिवाळीत काकांना 'आशिकी' ऐकवली. काका नव्वदच्या दशकात कारंजा-मानोरा काळी-पिवळी जीप चालवायचे. मूळ सीडी, स्वच्छ उतरवलेली, बेरीज जुळलेली. पूर्ण गाणं ऐकून ते म्हणाले, "गानं तं थेच हाये, पन थे मागचं ढुमढुम कोठी गेलं रे?"

त्यांना हवं होतं ते झंकार. मूळ गाण्यावर वरून यांत्रिक ठेका चढवून तेव्हा कॅसेटी काढत, आणि जीपवाल्यांत त्याच चालत. माझ्यासारख्याच्या लेखी ही गाण्याची विटंबना. पण काकांनी 'आशिकी' कधी त्याशिवाय ऐकलीच नव्हती. त्यांचं मूळ तेच होतं, आणि माझ्या संग्रहात ते नव्हतं. जुन्या बाजारात पुढच्या वेळी झंकारची सीडी शोधली. मिळाली, ओरखडे भरपूर. रात्रभर ड्राइव्ह घरघरली, पण बिनचूक उतरली. काकांना त्यातलं एक गाणं व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवलं.

लगेच फोन आला. "ढुमढुम आलं बरं! पन एका गान्यानं तीस एमबी खाल्ले माह्ये. बाकीचे बारके करून पाठोव."

मी १२८ करून पाठवले.