खर्च कोणाच्या वाट्याला?

अजिंठ्याच्या सतराव्या लेण्याबाहेरच्या भिंतीवर पाचव्या शतकातला एक संस्कृत शिलालेख आहे. लेणे खोदवून घेणारा दाता वाकाटक सम्राट हरिषेणाचा मांडलिक होता. लेखातला त्याच्या नावाचा भाग झिजून गेला आहे, पण त्याचा सूर शाबूत आहे. कोत्या मनाच्या माणसाला कल्पनाही करवणार नाही इतके धन ओतून आपण हे काम केले, असे तो उघडपणे सांगतो. शेजारचे सोळावे लेणे हरिषेणाचा सचिव वराहदेव याने दिलेले. सव्विसावे लेणे बुद्धभद्र नावाच्या भिक्षूने अश्मक देशाचा मंत्री भव्विराज या आपल्या मित्राच्या स्मरणार्थ करवले. कला-इतिहासकार वॉल्टर स्पिंक यांच्या मांडणीनुसार अजिंठ्याचे हे दुसरे पर्व साधारण इ.स. 460 ते 480 एवढ्या वीसच वर्षांत उरकले. इतर अभ्यासक ते सहाव्या शतकापर्यंत लांबवतात. कोणाचेही मत धरले तरी वाघूर नदीच्या त्या नालाकृती कड्यावर गरजेपेक्षा कितीतरी अधिक पैसा, श्रम आणि कौशल्य ओतले गेले यात शंका नाही. भिक्षूंना पावसाळ्यात राहायला साध्या कोठड्या पुरल्या असत्या. तिथे चितारलेले मोत्यांचे सर, पट्ट्यापट्ट्यांची वस्त्रे, अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून आलेल्या लाजवर्द दगडाची निळाई, यांतले काहीही जगण्यासाठी आवश्यक नव्हते.

डिसेंबरचा शेवटचा आठवडा हा याच लेण्यांच्या गर्दीचा हंगाम असतो, आणि नेमक्या याच दिवसांत नाताळच्या खरेदीवर टीका करणारे लेखही दरवर्षी येतात. त्यांचे म्हणणे ठरलेले असते: खर्च कमी करा, साधे राहा, गरजेपुरते घ्या. मला ही टीका अपुरी वाटते. माणसाने गरजेपलीकडे खर्चच करू नये हा नियम मान्य केला, तर अजिंठा घडलाच नसता. सण म्हणजे नेहमीचा हिशेब काही काळ बाजूला ठेवण्याची समाजाने दिलेली मुभा. ती काढून घेतली तर माणूस अधिक शहाणा होईल असे नाही, कदाचित नुसताच कोरडा होईल. म्हणून मला उत्सवाच्या खर्चाला वेगळा प्रश्न विचारावासा वाटतो. तो खर्च करायचा हे ठरवले कोणी, आणि तो शेवटी कोणाच्या वाट्याला गेला?

त्याआधी एक गैरसमज दूर केला पाहिजे. नाताळच्या उधळपट्टीचा दोष ख्रिस्ती समाजाच्या माथी मारण्याची सवय आपल्याकडे आहे, आणि ती अन्यायाची आहे. मराठी ख्रिस्ती परंपरेचा इतिहास मोठ्या अंशी गरिबीचा इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी निजामाच्या मुलखात, जालन्याजवळ बेथेल नावाचे गाव वसवले, ते गावकुसाबाहेर राहिलेल्या माणसांना उभे राहायला जागा मिळावी म्हणून. नारायण वामन टिळकांनी 1917 साली मिशनचा पगार सोडला. त्यांच्या हातात पैसा कसा टिकत नसे हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचे ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तो जाई दुसऱ्याच्या अडचणीत, आणि घरातली झळ लक्ष्मीबाईंना सोसावी लागे. गोव्यात आजही नेवऱ्या, दोदोल आणि कुलकुलांनी भरलेले ताट नाताळात हिंदू शेजाऱ्याकडे जाते आणि दिवाळीत फराळाचे ताट उलट वाटेने येते. ज्या नाताळाविषयी मी बोलतो आहे तो हा नव्हे. तो मॉलच्या प्लास्टिकच्या झाडाखाली भरतो, त्यात सर्व धर्मांचे ग्राहक असतात आणि येशूच्या जन्माशी त्याचा संबंध जेमतेम सजावटीपुरता उरतो.

हा बाजारी नाताळ जन्मला कसा हे तारखांसह सांगता येते. 1843 साली लंडनमध्ये हेन्री कोल यांनी नाताळचे पहिले व्यापारी शुभेच्छापत्र काढले. पुढच्या शतकभरात अमेरिकेतल्या दुकानांनी आणि जाहिरातदारांनी या सणाला आजचे रूप दिले. लाल नाकाचा रुडॉल्फ हा रेनडिअर लोककथेतून आलेला नाही. 1939 साली माँटगोमेरी वॉर्ड या दुकानसाखळीने ग्राहकांच्या मुलांना फुकट वाटण्यासाठी त्याची पुस्तिका लिहवून घेतली. त्याच वर्षी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी ‘थँक्सगिव्हिंग’चा दिवस एक आठवडा अलीकडे आणला. नाताळच्या खरेदीला जास्त दिवस मिळावेत ही व्यापाऱ्यांची मागणी होती. कित्येक राज्यांनी ते मानले नाही, आणि 1941 मध्ये अमेरिकी संसदेला कायदा करून दिवस पक्का करावा लागला. देवाचे आभार मानण्याची तारीख दुकानांच्या सोयीसाठी सरकते, तेव्हा सण कोणाच्या ताब्यात गेला हे वेगळे सांगायला नको. आपल्याकडेही काही वेगळे घडत नाही. धनत्रयोदशीला एखादे भांडे घेणे ही रीत जुनीच, पण पितृपक्ष संपतो न संपतो तोच सुरू होणारे ‘सेल’, बिनव्याजी हप्ते आणि मध्यरात्री संपणाऱ्या ऑफर पंचांगात कुठेच नव्हत्या. आता दिवाळीचा हंगाम ओसरला की तोच बाजार नाताळची लाल टोपी घालतो आणि मग नव्या वर्षाची.

या खरेदीतून निदान माणसे एकमेकांना आनंद देतात, असे म्हटले जाते. इथे अर्थशास्त्रज्ञ जोएल वॉल्डफोगेल यांचे काम विचारात घ्यावे लागते. 1993 साली त्यांनी अमेरिकी विद्यार्थ्यांना नाताळात मिळालेल्या भेटींबद्दल विचारले: या वस्तूची भावनिक किंमत सोडून द्या, ती तुमच्या लेखी किती डॉलरची? घेणाऱ्याने केलेले मोल देणाऱ्याने मोजलेल्या किमतीपेक्षा दहा टक्क्यांपासून एक तृतीयांशापर्यंत कमी निघाले. एवढी संपत्ती कोणाच्याही उपयोगी न पडता मधल्यामध्ये विरून गेली. या अभ्यासावर पहिला आक्षेप सुचतो तो असा, की भावनाच वगळली तर भेटीत राहिले काय? आक्षेप रास्त आहे. पण त्याच अभ्यासात असेही दिसले की मित्रांनी आणि जिवलगांनी दिलेल्या भेटींत ही गळती कमी होती, आणि वयाने किंवा नात्याने लांबच्या आप्तांनी दिलेल्यांत जास्त. देणाऱ्याला घेणाऱ्याची जितकी कमी ओळख, तितका पैसा वाया. हंगामी बाजाराचा सगळा भर नेमका या अनोळखीपणावर असतो. समोरच्याला काय हवे हे शोधण्याचा वेळ आपल्याजवळ नसतो म्हणून आपण वेष्टन विकत घेतो. ही सक्तीच्या देवघेवीची साखळी आहे: त्याने दिले म्हणून मी, मी दिले म्हणून तो. दोघांपैकी एकानेही ती मागितलेली नसते. आणि त्यातून तिसऱ्या कोणाला काही मिळत नाही, विकणारा सोडून.

हा तिसरा माणूस मला महत्त्वाचा वाटतो, कारण अजिंठ्याच्या दानलेखांत तो सर्वत्र आहे. दाता सुरुवात करतो आईवडिलांपासून, मृत मित्रापासून, स्वतःच्या कुळाच्या कौतुकापासूनही. पण शेवटी या कृत्याचे पुण्य सर्व प्राणिमात्रांना मिळो असे म्हणून तो दान स्वतःच्या हातातून सोडून देतो. सोळाव्या लेण्याच्या लेखाच्या अखेरीला वराहदेवाने साऱ्या जगासाठी दुःखरहित अवस्था मागितली आहे. हे केवळ शब्दांचे औदार्य म्हणता येईल, पण दानाचे स्वरूपही तसेच होते. विहार कोणा एका भिक्षूच्या नावाने नव्हते, संघाच्या नावाने होते, आणि तो संघ अजून जन्मालाही न आलेल्या भिक्षूंचा होता. सतराव्या लेण्यातच विश्वंतर राजपुत्राची कथा रंगवलेली आहे. राज्यात पाऊस आणणारा पांढरा हत्ती तो दुष्काळाने पोळलेल्या परमुलखातल्या याचकांना देऊन टाकतो, आणि प्रजा संतापून त्याला हद्दपार करायला लावते. ज्यांच्याकडून परतफेड शक्य नाही अशांना त्याने दिले, आणि त्याची किंमत स्वतः मोजली. एका गरीब विधवेने मंदिराच्या पेटीत टाकलेल्या दोन दमड्यांचे येशूने कौतुक केले तेही याच कसोटीवर.

आता अजिंठ्याचे फाजील गुणगान करून मला निसटता येणार नाही. इथला पैसा आला कुठून? वाकाटकांच्या ताम्रपटांत दान दिलेल्या गावांना ज्या सवलती मिळत त्यांची यादी असते: सैनिकांनी गावात शिरू नये, चारा, कातडी, कोळसा, फुले, दूध यांची मागणी करू नये. म्हणजे ज्या गावांना ही सूट नव्हती, त्यांना हे सारे निमूट पुरवावे लागत असणार. अजिंठ्याच्या भिंतीवरच्या पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या मुखावरचे कारुण्य ज्या राज्यात रंगले त्या राज्याच्या महसुलात खेड्यापाड्यांचा घाम आहे, आणि त्या खेडुतांची नावे कुठल्याही भिंतीवर नाहीत. दात्यांमध्ये चढाओढ होती, कीर्तीची हावही होती. सव्विसाव्या लेण्याचा लेख तर सांगतो की जोवर माणसाचे स्मरण पृथ्वीवर राहते तोवर तो स्वर्गात सुख भोगतो, म्हणून डोंगरात टिकाऊ स्मारक करावे. हे सगळे मान्य करूनही माझा मुद्दा टिकतो असे मला वाटते. हावेने दिलेले असले तरी जे दिले ते सर्वांसाठी उघडे राहिले, आणि आजची खरेदी प्रेमाने केलेली असली तरी बंद खोक्यातच राहते. दात्याचा हेतू शुद्ध होता की नाही हे मी तपासू शकत नाही. दानाचे दार कोणाकडे उघडते हे मला तपासता येते. मात्र अजिंठ्याकडून एक इशाराही घ्यायला हवा. चोविसावे लेणे पूर्ण झाले असते तर इथल्या सर्वांत मोठ्या विहारांत गणले गेले असते. ते अर्धवट पडले आहे. स्पिंक म्हणतात त्याप्रमाणे हरिषेणाच्या मृत्यूनंतर राजाश्रयाचा ओघ अचानक आटला असेल, तर एका दरबाराच्या तिजोरीवर उभारलेले औदार्य किती नाजूक असते हेही इथेच दिसते.

दुसरा आक्षेप रोजगाराचा. लोकांनी खरेदी थांबवली तर कारागीर, दुकानदार, डिलिव्हरी करणारी पोरे कुठे जातील? अजिंठ्याच्या लेण्यांजवळच्या फर्दापूरच्या टी-पॉइंटवर स्फटिकाचे दगड आणि दगडी हत्ती विकणाऱ्यांचे, वाटाड्यांचे, हॉटेलवाल्यांचे वर्षाचे गणित याच सुट्टीच्या आठवड्यांवर बसलेले असते. हा आक्षेप मी हलका मानत नाही. पण खर्चाने रोजगार मिळतो हे कुठल्याही खर्चाबद्दल खरे आहे. शाळेची गळती दुरुस्त केली तरी गवंड्याला मजुरी मिळतेच. त्यामुळे रोजगाराचे कारण सांगून हाच खर्च हवा असे सिद्ध होत नाही. शिवाय जगातल्या नाताळ सजावटीचा फार मोठा भाग चीनमधल्या यिवू या एका शहराच्या बाजारातून येतो. संभाजीनगरच्या मॉलमध्ये घेतलेल्या चमचमत्या चेंडूंचा पैसा फर्दापूरच्या सोयगाव तालुक्यापर्यंत किती पोहोचत असेल? फर्दापूरच्या वाटाड्याला दिलेला पैसा तिथल्या किराणा दुकानात जातो. हा फरक खर्चाच्या रकमेत दिसत नाही, तो फक्त वाट्याचा प्रश्न विचारल्यावर दिसतो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जवळचा आहे. उधळपट्टीवरचे प्रवचन शेवटी गरिबालाच ऐकवले जाते. 1875 साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, तेव्हाही लग्नकार्यांतल्या खर्चाने कुणबी बुडाला असे सरसकट बोलले जात होते. दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने या कारणाला वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिले गेल्याचे नोंदवले. खाणे, बियाणे, बैल आणि सरकारी सारा यांच्यासाठी घेतलेल्या छोट्या छोट्या कर्जांनी आणि त्यांवर चढत गेलेल्या व्याजाने त्याला बुडवले होते. म्हणून कापूस विकून आलेल्या पैशात मुलीला चार कपडे जास्त घेणाऱ्या बापाला, किंवा जालन्याच्या एखाद्या ख्रिस्ती मजुराने नाताळात पोरांना नवे बूट घेतले तर त्याला, मी काटकसर शिकवणार नाही. माझा रोख आहे तो ज्यांच्या कपाटात जागा उरलेली नाही त्यांच्याकडे, आणि त्याहून अधिक त्या व्यवस्थेकडे, जी गरिबाच्या त्या एका आनंदालाही हप्त्यांत बांधते आणि मग त्याला बेजबाबदार ठरवते.

राहता राहिला निराशेचा आक्षेप: इतक्या मोठ्या बाजारापुढे एका घराने वेगळे वागून काय होणार? अजिंठ्याची सगळी लेणी राजे आणि मंत्र्यांनी दिलेली नाहीत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या पर्वातल्या दहाव्या लेण्याचा दर्शनी भाग वासिठीपुत कटहादी या दात्याने दिला, आणि भिंतीचा खर्च दुसऱ्याच एकाने उचलला. बारावे लेणे घनामदड नावाच्या व्यापाऱ्याचे. एकाला जमले नाही ते वाटून घेतले गेले. चार घरांनी यंदा एकमेकांना द्यायच्या भेटींचे पैसे एकत्र करून गावच्या वाचनालयाला पुस्तकांचे कपाट दिले, तर त्यांच्या खर्चात एक रुपयाही कमी होणार नाही. सणही तसाच राहील, जेवणही होईल, पोरांची गाणीही होतील. फक्त कपाट उघडणारी मुले त्या चार घरांच्या ओळखीची असतीलच असे नाही.