पंधरा किलो

कांद्याच्या गोण्या तोलायचा वजनकाटा आईनं पडवीत आणून ठेवला. शेजारी तेवढ्याच उंचीची फळी मांडली. चांगला पाय फळीवर, दुखरा काट्यावर. डॉक्टर म्हणाले होते, "पंधरा किलो. सध्या त्याच्या वर नाही."

रात्रीची वीज होती. मुळेच्या पाटाकडेला दारं धरताना पाय घसरला आणि नडगीचे तुकडे झाले. आत रॉड घातला. तुकडे बरेच असल्यानं सहा आठवडे पाय टेकायचाच नव्हता.

वॉकर धरून मी तळवा काट्यावर ठेवला. पत्रा गार लागला. शेतात अनवाणी फिरून घट्टे पडलेली कातडी सोलून गेली होती आणि खाली लहान लेकरासारखा तळवा निघाला होता. पोटरी वाळून गेलेली. पाय माझाच, पण त्याच्यावर भार टाकायला मन धजेना.

"टेक की," आई म्हणाली. तिनं आकडे वाचायला घेतले. "चार. सहा. परत चारावर आलं बघ. श्वास सोड."

त्या दिवशी नऊवर थांबलो. घामानं सदरा भिजला होता.

भार पडला तर जुळत आलेलं मोडेल, असं मला वाटायचं. हाडाचं गणित उलटं आहे. युलियस वोल्फ या जर्मन शल्यविशारदानं 1892 साली मांडलं, की हाड ज्या दिशेनं ओझं पेलतं त्या दिशेनं स्वतःची बांधणी करतं. अंतराळात वजनच उरत नाही, तिथं अंतराळवीरांच्या कमरेची-मांड्यांची हाडं महिन्याला टक्का-दीड टक्का झिजतात. रॉड नुसता आधार धरतो, सांधायचं काम हाडालाच करावं लागतं, आणि त्याला ते ओझ्यावाचून उमगत नाही. हे कळल्यापासून काट्यावरचा प्रत्येक किलो मला खुराकासारखा वाटू लागला.

पुढच्या एक्स-रेत मोडीभोवती धूसर ढग दिसला. नवं हाड! पंचवीस किलोची मुभा मिळाली. परतताना गाडी नेवाशाला थांबवली. कुबड्या टेकत पैस खांबापाशी गेलो. ज्ञानेश्वरांनी याला पाठ टेकून शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली, असं लहानपणापासून ऐकलेलं. हा मूळचा करवीरेश्वराच्या देवळाचा खांब, अंगावर दिव्याच्या तेलासाठीच्या दानाचा लेख. ज्यासाठी उभा केला ते देऊळ गेलं, डोक्यावरचा भार गेला, तरी खांब तिथंच. आयुष्यभर मी त्याला हात जोडले, पण टेकणं म्हणजे काय असतं ते त्या दुपारी कळलं. नऊ हजार ओव्या ज्याच्या आधारानं सांगितल्या, त्या दगडाकडे मी बराच वेळ बघत राहिलो. आईनं घाई केली नाही.

काल काट्यानं चौतीस दाखवले. माझं वजन अडुसष्ट. आईनं आकडा दोनदा वाचला, मग तेलाची वाटी घेऊन माझ्या पायाशी बसली. मी दुखरा पाय पुढं केला, तर तिनं तो हळूच बाजूला सारला आणि चांगला मांडीवर घेतला.

"याला कुणी विचारलंच नाही," ती म्हणाली. "तीन महिने एकट्यानं ओढलंय यानं."