कापणाऱ्या हातासाठी

जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला येणाऱ्यांना सौंसर भागातल्या संत्र्याच्या बागा दिसतात, पण बागेतले काटे दिसत नाहीत. संत्र्याचा डोळा बहुधा जंबेरीच्या खुंटावर बांधलेला असतो आणि त्या खुंटावरून फुटणारे पानसोट चांगलेच काटेरी असतात. फळतोडीनंतर ते आणि वाळलेली सल काढताना काटा बोटात मोडला, तर मजुराची मजुरी बुडते.

म्हणून आमच्या बागेत करवतीबरोबर चामडी हातमोजेही येतात. घेताना मी मजुरालाच दुकानात नेतो. मोजा घालून मूठ वळली पाहिजे, कात्री धरता आली पाहिजे. शेळीचं चामडं मऊ, म्हशीचं जाड. मनगट झाकणारा मोजा बरा. सैल मोजा फांदीत अडकतो.

घामाने ओले झालेले मोजे सावलीत वाळवावे. उन्हात किंवा चुलीजवळ चामडं कडक होऊन तडकतं. वाळल्यावर एरंडेलाचा हलका हात द्यावा. बोर्डो पेस्ट लावताना मात्र रबरी मोजेच हवेत. मोरचूद-चुन्याचं पाणी चामड्यात मुरतं.

एखादा काटा चामड्यातूनही जातो, पण ओरखडे नक्की वाचतात. झाडाच्या कापलेल्या जागेला आपण पेस्ट लावतो. कापणाऱ्या हाताचा खर्चही बागेच्याच खर्चात धरायला हवा.